रूइक्लिपच्या टेकडीखाली एक रात्र कंदील लावण्याबाबत

प्रति,
मा. रात्रप्रकाश नियंत्रण अधिकारी,
रूइक्लिप वेधशाळा, कारू.

विषय : मरणाची तारीख आठ दिवस आधी कळविण्याची अट शिथिल होऊन मिळणेबाबत.
संदर्भ : माझे पती मंजूर रात्री न वारल्याबद्दल आपण दिलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

ज्या वर्षी आमची नात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांच्या अंगठ्याला चावली, त्याच वर्षी आपली वेधशाळा आमच्या टेकडीवर उभी राहिली. तेव्हापासून आम्ही अंगणात दिवा लावलेला नाही. अंधारात माझा पाय अनेकदा कुत्र्याच्या शेपटीवर पडला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कुत्र्याची असल्यास ठाऊक नाही. परंतु पुढील बाब आपल्या कानावर घालणे भाग आहे.

१. आमच्यात मेंढपाळ गेला की त्या रात्री मेंढवाड्याच्या फाटकावर कंदील टांगतात. लांबलांबच्या मळ्यांवरची माणसे तो पाहून माळ तुडवत येतात आणि उजाडेपर्यंत मयतापाशी गातात. इथे फोन लागत नाही, त्यामुळे कंदील हाच निरोप. ज्याचा कंदील लागला नाही तो बेवारशी गेला, असे मानतात. माझे पती हेंड्रिक फेब्रुआरी यांनी जन्मभर मेंढ्या राखल्या आणि दुसऱ्यांच्या कंदिलांमागे ते कुठवर चालत गेले याला हिशेब नाही. ते अंथरुणाला खिळल्यावर मी परवानगी मागितली. आपण कळविले, की शेजारच्या दीर्घिकेचे निरीक्षण चालू असल्याने मृत्यूची तारीख आठ दिवस आधी द्यावी.

२. तारीख मी पतींनाच विचारली. ते म्हणाले, "लोकर कातरून होऊ दे. त्या शनिवारी जातो." त्यांनी आजवर शब्द मोडला नव्हता, म्हणून मी सप्टेंबरची १६ तारीख लिहून दिली. आपण त्या रात्रीपुरती दुर्बीण बंद ठेवली, त्याबद्दल आभारी आहे. शनिवारी सकाळपासून त्यांनी डोळे मिटलेले होते. मंजुरी वाया जाऊ नये म्हणून मी सूर्य मावळताच कंदील लावला.

३. इथेच घोटाळा झाला. सर्वांत आधी शेजारच्या मळ्यावरची ग्रीट आली. ती वाकून पाहते तो पती घोरत होते. "अगं सन्ना, हा तर जिता आहे!" ती ओरडली. त्या आवाजाने पतींनी डोळे उघडले. म्हणाले, "एवढी लांबून आलीस, तर रडून घे आता." मग माणसे येत गेली. पतींनी मेंढीच्या मुंडीचे कालवण दोन वेळा मागून घेतले, गाणाऱ्यांची चाल सुधारली, आणि पहाटे काठी टेकत मेंढवाड्यात जाऊन आले. तारीख का पाळली नाही, असे आपण विचारता. माणसे पाहून त्यांच्या अंगात जीव आला, एवढेच कारण आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

४. आपले डॉ. लुयांडा मक्वेथू नुकसान समजावून सांगायला घरी आले होते. भला मुलगा, मला औमा, म्हणजे आजीच म्हणतो. आकाशातला जो धूसर पुंजका आम्ही धाकटा ढग म्हणतो, तो दाखवून त्यांनी सांगितले, "औमा, ती शेजारची दीर्घिका. तिचा उजेड दोन लाख वर्षांपूर्वी निघालाय." पती आतून म्हणाले, "मग इतकं चालून आलेला पाहुणा एका रात्रीनं रुसतो होय? बसव की जरा." पुढे डॉक्टर म्हणाले, की त्या ढगाला बिलगून दिसणारा तारकागुच्छ ढगाचा नव्हेच, तो आपल्याच दीर्घिकेचा, पुष्कळ अलीकडे. हे पतींना लगेच पटले. "शेजाऱ्याच्या कुंपणाशी चरतंय म्हणून मेंढरू शेजाऱ्याचं होतंय का? कानाची खूण बघावी." डॉक्टर हसत सुटले आणि नुकसानीचे सांगायचे विसरून, चहा पिऊन गेले. नोटीस मात्र मागाहून आलीच.

५. आता आपली नवी अट अशी, की तारखेसोबत वैद्यकीय दाखला हवा. दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा येते. नर्सबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "औमा, मेल्याचा दाखला देते मी. मरणार असल्याचा द्यायचा तर तुमच्या साहेबालाही द्यावा लागेल." हे मी जसेच्या तसे लिहिले आहे, राग नसावा.

पतींनी आता कोणतीही तारीख देण्यास नकार दिला आहे. "पुन्हा चुकलो तर तुला दंड करतील," म्हणतात. ते रोज माझ्याकडून एकच वदवून घेतात, की कंदील लागेल ना. मी हो म्हणते. ते खोटे ठरू नये एवढ्यासाठी, ज्या रात्री घडेल त्या रात्री, तारखेविना, एक कंदील लावू द्यावा. त्याला टेकडीच्या बाजूने पत्रा लावण्याची माझी तयारी आहे.

आपल्या टेकडीखालची, आपली नम्र,
सन्ना फेब्रुआरी
१८ ऑक्टोबर २०१७

सोबत : मंजुरीपत्र (वापरलेले), नोटीस.

ता.क. अर्ज पाठवायचा राहिला. उत्तराची वाट पाहणे आता शक्य नाही. आज सूर्य मावळला की मी कंदील लावणार आहे, पत्र्यासह. डॉ. लुयांडांना वेळ असल्यास त्यांनी खाली गायला यावे, चाल सोपी आहे. माझे पती हेंड्रिक फेब्रुआरी आज, गुरुवार, १९ ऑक्टोबर रोजी सकाळी घरीच वारले.