चहाला कोणतं जॅकेट?

१२ जानेवारी
तिने बोलावलं! रविवारी चहाला, तिच्या घरी. तिचे दोन्ही मुलगे असतील. माझी बायको गेली, तिचा नवरा गेला. वर्षभर दोघं बागेत एका बाकावर बसतोय, पण घरी जायचं म्हणजे परीक्षाच. म्हणाली, "साधेच या हं." साधेच म्हणजे कसं?

१३ जानेवारी
कपाट उघडलं. जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. कंपनीचा निळा डगला आणि एक स्वेटर — संपलं! मुलीला फोन केला. काय घालू, विचारलं. म्हणाली, "बाबा, गुडघ्याला बाशिंग बांधलंस की काय?" हसली. पण ते हसणं सरळ नव्हतं.

१४ जानेवारी
दुकानदाराने दोन जॅकेटं पुढ्यात टाकली. एक सुती, ढगळ, चेनवालं. "काका, फिरणं, चहापाणी — त्याला हे." दुसरं करड्या रंगाचा ब्लेझर, आतून अस्तर. "हे समारंभाचं. शिवण बरोब्बर खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. बटण लावा, हात वर करा. ओढतंय कुठे?" नव्हतं ओढत. आरशात एक बरा माणूस उभा होता.
"प्रसंग काय, काका?"
काय सांगू! "चहा," म्हणालो.
"मग सुतीच घ्या की!"
ब्लेझर घेतला.

१६ जानेवारी
घातला. काढला. परत घातला. जास्त होतंय का? सुती घ्यायला हवं होतं. पण तिच्या मुलांसमोर पहिल्यांदा जायचं ते त्या ढगळ जॅकेटात? छे!

१८ जानेवारी
वाट लागली.
थोरल्याने दार उघडलं. चुरगळलेला टी-शर्ट. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मागून तिचा आवाज — "अरे, हे माझे बागेतले ओळखीचे."
ओळखीचे! तिने मुलांना काही सांगितलंच नव्हतं. 'साधेच या' ते यासाठी होय!
बसलो. घाम फुटला, पण ब्लेझर काढायचा धीर होईना. धाकटा मोबाइलमध्ये डोकं घालून. थोरल्याने कप खाली ठेवला. "आई, ओळखीचे लोक चहाला एवढे नटून येत नाहीत."
तिची मान खाली. मी उठलो. म्हणालो, पुढे एका कार्यक्रमाला जायचंय. शुद्ध थाप! "हो, यांना घाई आहे," ती पुटपुटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१९ जानेवारी
तिचा फोन नाही. मी करू? नकोच. आगीत तेल ओतल्यासारखं व्हायचं. मुलीला सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, आज ना उद्या कळणारच होतं त्यांना." आणि मग हळूच, "तू जेवलास का?"

२१ जानेवारी
बागेत जाऊन आलो. बाक रिकामा.

२२ जानेवारी
सकाळी बेल वाजली. दारात ती. डोळे सुजलेले, हातात कपड्यांची बॅग.
"थोरला म्हणाला, एकदाच खरं सांग, कोण हे? सांगून टाकलं — आम्ही लग्न करणार आहोत. तो भडकला, मी निघून आले."
मी तर तिला अजून विचारलंही नव्हतं!
बॅग घेतली तिच्या हातातून. म्हणालो, "आत या."