खिडकीकडे बघताना

प्रिय भिंगरी,

अक्षरं एवढी मोठी बघून दचकू नकोस. आई ओरडत नाहीये, नुसती जाड पेनाने लिहितेय. बाबांनी एका पुठ्ठ्यावर आडवे दोरे ताणून दिलेत. त्या दोऱ्यांमधून बोट सरकवत लिहायचं, म्हणजे ओळ उतरणीला लागत नाही. फोनवर बोलले असते, पण हल्ली तू ‘बरी आहे, नंतर बोलू’ एवढ्यावर फोन ठेवतेस. आठवडाभर राहायला आलेली मुलगी दुसऱ्याच सकाळी बॅग भरून निघाली, आणि मला वाटत राहिलं, काहीतरी कामच निघालं असेल. तू गेल्यावर खुर्चीखाली पायाला तुझा केसांचा चाप लागला. तो उचलून ब्रशांच्या बरणीत उभा करून ठेवलाय. रोज ब्रश घ्यायला हात घालते आणि आधी तोच हाताला येतो.

तर आधी एक बातमी. घाबरू नकोस, बसून वाच. गेल्या हिवाळ्यापासून माझे डोळे अधू झालेत. आंधळी नाही झाले. मधोमध एक डाग बसलाय, ओल्या चित्रावर कुणी अंगठा फिरवावा तसा. कडेचं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डाग काही जायचा नाही, पण कडा बहुधा शाबूत राहतील. मी विचारलं, चित्रं काढता येतील का? त्या म्हणाल्या, ते तुम्हीच मला येऊन सांगा. मला बाई आवडल्या. उगाच धीर देत बसल्या नाहीत.

चित्रं काढायला मी कुठे कुणाकडे शिकले होते, म्हणून आता विसरेन? दूध तापेपर्यंत जो वेळ मिळतो, तीच माझी शाळा. तेवढ्यात किती दूध ओट्यावरून वाहून गेलं, ते तुझ्या बाबांना विचार. तू टेबलाखाली बसायचीस. बसायचीस कसली, गरगरायचीस. उगाच नाही भिंगरी नाव पडलं. तोंड रंगवायला घेतलं की ते दुसरीकडे वळलेलं. म्हणून मी तुझा कान काढायला लागले. तू कुठेही वळलीस तरी एक कान माझ्या बाजूला असायचाच. जुने कागद काढशील तर त्यात ढीगभर कान सापडतील. ते सगळे तुझेच.

डाग आला तेव्हा मी आधी हट्टाने समोर टक लावून बघायचे. ताटलीत लिंबू ठेवलेलं. लिंबाकडे बघितलं की लिंबू गायब, ताटली जाग्यावर. ताटलीकडे वळले तर तीही विरघळलेली. जे हवं तेच नेमकं पुसलं जायचं. रडले थोडी, खोटं कशाला सांगू. मग एकदा कंटाळून नळाकडे बघत बसले होते, आणि लिंबू हळूच परत आलं. मांजरासारखं आहे बघ हे. बोलावलं तर येत नाही, लक्ष नाही असं दाखवलं की पायाशी येऊन अंग घासतं. तेव्हापासून मी नळाकडे बघून लिंबू रंगवते. बाबांचं चित्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढलं. तर म्हणतात कसे, मी जन्मभर घड्याळांत डोकं घालून बसलो, त्याचा हा सूड का? मी म्हटलं, तुम्ही भिंगातून मधलं बघा, मी कडेकडेचं बघते. दोघांत मिळून एक धड माणूस होईल.

आणि दुपारी काय होतं, ते आजवर डॉक्टरीणबाईंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. ऊन कलतं तेव्हा समोरच्या कोऱ्या भिंतीवर पानं उगवतात. बारीक, निळसर, एकातून एक फुटत जाणारी. कधी जाळीचं कुंपण येतं. कधी छत्र्या घेतलेली इवली माणसं रांगेने कपाटाच्या दिशेने चालत जातात, आवाज न करता, घाई न करता. पहिल्यांदा वाटलं, झालं, आता डोकंही गेलं. पण बाई म्हणाल्या, हे पुष्कळांना होतं. डोळ्याला काम कमी पडलं की मन आपल्या पदरचं भरतं. आता मी त्यांची वाट बघते. एक छत्रीवाली बाई नेहमी मागे राहते, जरा थांबते, मग इतरांना गाठते. तिला मी बऱ्याच चित्रांत एखाद्या कोपऱ्यात जागा दिलीय. तिला कुठे जायचंय कुणास ठाऊक. बरी मात्र दिसते चेहऱ्याने, म्हणजे चेहरा असावा असं वाटतं.

रंगांची निराळीच गंमत. ट्यूबवरची नावं वाचता येत नाहीत, म्हणून मी दोरे बांधून गाठी मारल्या होत्या. निळ्याला एक, पिवळ्याला दोन, असं. बाबांनी एक दिवस मायेने टेबल आवरलं. दोरे मळके दिसले, म्हणून कापून टाकले, आणि घड्याळाचे स्क्रू लावावेत तशा ट्यूबा लहानमोठ्या क्रमाने मांडल्या. मी आपली दिवेलागणीच्या अंधुक उजेडात, नेहमीच्या जागेवरची ट्यूब उचलून, खुशीत नदी रंगवली. शिंपीणबाई कपडे द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, नदी छान गंजलीय हो. बाबांचं तोंड एवढंसं झालं असणार, मला दिसलं नाही, पण त्यांचा श्वास ऐकला. मी हसत सुटले, तेव्हा कुठे त्यांना हसू आलं. नदी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या घड्याळांची दातेरी चाकं काढली आणि प्रत्येक ट्यूबला एकेक निराळं बांधलं. आता बोटाने दाते चाचपले की रंग कळतो. सगळ्यात मोठं चाक निळ्याचं.

हे सगळं तू आल्यावर तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. बाबांना बजावलं होतं, तुम्ही काही बोलायचं नाही, मीच सांगणार. पण तू आलीस ती स्वतःचंच गाठोडं घेऊन. उंबऱ्यातच आवाज ओळखला मी. म्हटलं, आधी तिचं होऊ दे. तू खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीस आणि सांगायला लागलीस, की नवऱ्याचं घर सोडलंय, वेगळी खोली घेतलीय, परत जायची नाही. मी मधे बोलले नाही. बोलले असते तर तू हातातून सुटली असतीस. कलत्या उन्हात तुझ्या कानाची पाळी लाल होत होती, लहानपणी रडू दाबताना व्हायची तश्शी. केस एका बाजूने सुटले होते. शालीच्या टोकाला तू पीळ घालत होतीस, सोडत होतीस, परत घालत होतीस. आवाज अगदी घट्ट, आणि बोटं मात्र लहान मुलीची. संपल्यावर मी म्हटलं, जेवून घे. एवढंच सुचलं. तू जेवली नाहीस. मला वाटलं, दमली असेल.

आज सकाळी बाबा घड्याळांना किल्ली देता देता थांबले. म्हणाले, आता मला हे पोटात ठेववत नाही. बसच्या थांब्यावर तू त्यांना म्हणाली होतीस, “आईनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसली होती.” मला दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते तुझ्यापुढे गप्प राहिले, आणि तू ते मनात घेऊन गेलीस. भिंगरे, खिडकीकडे बघितलं म्हणून तर तू मला दिसलीस. तुला बघायचं नसतं, तर मी सरळ तुझ्या डोळ्यांत बघितलं असतं. ते घर सोडलंस, बरं केलंस. त्या दिवसापासून तुझंच चित्र काढतेय. पीळ घातलेली शाल झालीय, सुटलेले केस झालेत, कान तर हाताला पाठच आहे. पण पाळीचा तो लाल काही जमत नाही. चाप न्यायला ये. त्याच खुर्चीत बस. मी खिडकीकडे वळले की गप्प बसून राहा, जरा वेळ तरी गरगरू नकोस.

तुझ्याकडेच बघणारी, तुझीच,
आई