पाळण्याआधीची झडती

सोम. ९ फेब्रुवारी
परत ढेकूण निघाले. दिवाणाच्या फळीच्या खाचेत चार. रॉकेल झालं, उकळतं पाणी झालं, कडुनिंबाचा पाला झाला, फवारणीवाला तीनदा येऊन गेला. घरभर शिंपडतो, आठ दिवस बरे जातात, की पुन्हा आहेच. मार्गशीर्षापासून हेच.

चिखलीहून विहीणबाईंचा फोन. संक्रांतीला रूपाली दोन दिवस आली होती, जाताना दंडावर गांध्या घेऊन गेली. त्यांनी मोजल्या म्हणे. "इहीनबाई, राग नका मानू. पयलं बाळंतपण माहेरीच व्हावं, मले मान्य आहे. पन ढेकनाच्या घरात मी पोरीले धाडत नाई."
होळी झाली की रूपाला आठवा लागतो, आणि आठव्यात आमच्यात गर्भारशीला प्रवास नाही. म्हणजे होळीच्या आत घर स्वच्छ, नाहीतर लेक तिकडेच.

यांची बॅग बाहेर खुंटीला टांगली. एसटीने अकोला-मलकापूर करतात आणि बॅग सरळ दिवाणावर ठेवतात. तिच्यातूनच आले. माझी खात्री.

बुध. ११
पुण्याहून महेशचा फोन. म्हणे कुत्रं बोलवू. वासावरून ढेकूण हुडकणारं, शिकवलेलं.
मी: "ढेकूण बघायला मला डोळे आहेत."
तो: "आई, तुला दिसतात ते बाहेर फिरणारे. त्यांचं घर कुठे आहे ते कुत्रं सांगतं. घर न बघता फवारणी करता, म्हणून परत येतात."
मेहकरच्या लॉजवाल्यांकडे एक अस्लमभाऊ नावाचे गृहस्थ कुत्री घेऊन येतात. आमचं जानेफळ त्यांच्या वाटेवरच, महेशने परस्पर ठरवूनही टाकलं.
लग्न होऊन आले तेव्हापासून या घराच्या उंबऱ्याच्या आत कुत्रं आलेलं नाही. आतच देव आहेत. तर हे हसून म्हणतात, "ढेकूनले सोवळं लागत नाई वाटते? तेवढे कुत्र्यालेच!"
एकादशी जवळ आली, तोंड सांभाळलेलं बरं.

शुक्र. १३, एकादशी
पोटात भगर आणि आमटी, हातात सुई. बाळाची गोधडी पूर्ण झाली. नवं कापड तान्ह्याच्या अंगाला लावायचं नाही, पाच घरची जुनी लुगडी मागून आणायची, त्याची गोधडी. दिवाळीपासून गोळा करून दिवाणाखालच्या पेटीत ठेवत होते. माझ्या आईचं, जाऊबाईंचं, नणंदेचं, समोरच्या काकूंचं. आणि विहीणबाईंचं हिरवं. "लय मऊ झालं आहे, घ्या," म्हणून दिवाळीत त्यांनी स्वतःच दिलं. महिनाभर एकेक थर चढवत होते. टाके इतके जवळ घातले की बोटाचं नख शिरणार नाही. त्याच पत्र्याच्या पेटीत परत ठेवली, वर तुळशीचं पान.
निदान एक वस्तू तरी घरात शुद्ध आहे.

मंगळ. १७
आज अमावास्या, आणि आजच कुत्रं. महेशला तिथी कळत नाहीत, त्या अस्लमभाऊंना तरी का सांगू.
पहाटेपासून राबले. अंगणात सडा, सगळ्या खोल्यांत गोमूत्र, फरशीला फिनेल, कपाटांत कापूर, आणि धूप असा की शेजारून विचारायला आले. कुत्रं येणार तर घर आधी पवित्र नको?

जुली नाव तिचं. बदामी रंगाची, कान लांब. उंबऱ्यात आली, सात-आठ शिंका दिल्या आणि मागे फिरून लिंबाखाली जाऊन बसली. अस्लमभाऊंनी कपाळाला हात लावला. "काकू, तुमी तं तिचं नाकच बंद करून टाकलं! मी भाऊले फोनवर सांगतलं होतं, आठ दिवस वासाचं काईच लावू नका."
यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. "मले वाटलं, औषध मारू नका म्हणते. देवाच्या धुपाचं कोन बोललं?"
 

जाता जाता त्यांनी ओट्यावर गंमत दाखवली. खिशातून एक चिमुकली बाटली काढली, तोंडाला जाळी, आत जिवंत ढेकूण! ती पोत्यांच्या थप्पीत लपवली. जुली थप्पीजवळून गेली, वळली, आणि बरोबर त्या पोत्यापुढे बसली. बसली म्हणजे सापडलं. मी विचारलं, हे बाटलीतले जगतात कशावर? त्यांनी बाही वर करून दंड दाखवला. "हप्त्यातून एकडाव बाटली इथी लावतो, काकू. शिकवाले पोसावं लागते."
अरे देवा. आम्ही मारता मारता मेलो, आणि हा भला माणूस स्वतःचं रक्त पाजतो.
पुढच्या मंगळवारी परत येतील. तोवर धूप नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. देवापुढे फक्त तुपाचं निरांजन आणि फूल. देवांना सांगितलं, नातवंडासाठी आहे, समजून घ्या.

रवि. २२
उदबत्तीशिवाय पाच दिवस. पोथी वाचते पण बसल्यासारखं वाटत नाही.
रूपाचा फोन, हळू आवाजात. "आई, मले तिकडंच यायचं आहे. इथी सगळे चांगले आहेत. पन..." नुसतं नाक ओढलं. मग मागून विहीणबाईंचा आवाज आला आणि ती मोठ्याने म्हणाली, "हाव, जेवली मी."
फोन ठेवून भांडी घासली. दोनदा घासली.

मंगळ. २४
आली जुली. या वेळी शिंक नाही.
बाहेर खुंटीवरच्या यांच्या बॅगपाशी थांबली, हुंगलं, पुढे गेली. अस्लमभाऊ म्हणाले, "साफ आहे." यांचा चेहरा! लग्नातसुद्धा इतके खुलले नव्हते. "पंधरा दिवस माझी बॅग वनवासात!"
देवघराकडे वळली तेव्हा श्वास धरला. तिने ढुंकून पाहिलं नाही. शहाणी.
मग दिवाण. भोवती एक फेरी, खाली मान घातली आणि पत्र्याच्या पेटीपुढे बसली. टक लावून.
"काकू, पेटी उघडा."
"त्यात बाळाची गोधडी आहे," मी म्हटलं.
"उघडा तं खरी."
तुळशीचं पान वाळलेलं. कडेचा एक टाका त्यांनी उसवला. थरांच्या मध्ये होते. अंडीसुद्धा, साबुदाण्याच्या बारीक कण्यांसारखी. "टाके लय जवळजवळ आहेत तुमचे. त्यायले पक्कं घर भेटलं. वरतं तुमी झोपता, खालतं हे राह्यतात."
महिनाभर माझ्या हाताने शिवून दिलं मी त्यांना घर.
यांनी विचारलं, "पाचांतल्या कोनाच्या घरून आले असतील?"
"भाऊ, जुलीले वास समजते. पत्ता नाई समजत."

बुध. २५
गोधडी उसवली. पाच थर वेगळे केले. काळे ठिपके हिरव्या लुगड्यावर जास्त. पण त्याला चिकटून माझ्या आईचं होतं, आणि ठिपके त्याच्यावरही आहेत. कोणावर बोट ठेवू? सगळं उकळलं, काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात ठेवलं. पेटी आणि दिवाणाची तेवढीच फवारणी, या वेळी नेमकी, आणि अस्लमभाऊंनी सांगितलेल्या बिनवासाच्या औषधाची.
संक्रांतीला रूपा याच दिवाणावर झोपली होती. मीच म्हटलं होतं, तुला मऊ पडेल.

शुक्र. २७
विहीणबाईंना फोन केला. शेवटी सांगावं लागणारच. "सापडलं. पेटीत होतं, बाळाच्या गोधडीत."
त्या म्हणाल्या, "माझं हिरवं लुगडं त्यातच होतं न?"
"हो. पाचांत एक."
मला वाटलं आता भडकतील. तर म्हणाल्या, "त्या कुत्रेवाल्याचा नंबर देता का? काई नाई, असू द्यावा."
दिला. कशाला हवा, ते विचारलं नाही. रूपाचं काय, म्हटलं. "सांगते. उद्या-परवा."
ठेवल्यावर आधी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग लक्षात आलं. तिकडेही असतील तर पोर त्यांच्यातच झोपते आहे.

रवि. १ मार्च
उद्या होळी. फोन नाही. काल मी केला, उचलला नाही. अस्लमभाऊ सकाळी येऊन गेले, जुली तिन्ही खोल्या फिरली, कुठेच बसली नाही. आता कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, "चिखलीले." विहीणबाईंनीच बोलावलेलं दिसतंय.
हे रूपाला आणायला तयार आहेत. त्यांची ती बॅग भरून दारात ठेवलेली, तिला आता कोणी काही म्हणायचं नाही.
पाच लुगडी दोरीवर वाळली आहेत. चार घडी करून आत आणली. सुई ओवून ठेवली. हिरवं अजून दोरीवरच आहे.