पांढऱ्या छताची ओवाळणी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

धनाजी आला! गाडीत पांढऱ्या रंगाचे चार डबे. म्हणाला, "ताई, औंदा साडी न्हाई. तुझं छत रंगवतो, हीच ओवाळणी." मी म्हटलं, चेष्टा पुरे. तर गडी खरंच शिडी लावून पत्र्यावर चढला! दिवस मावळायच्या आत सगळं छत दुधासारखं पांढरं.

सरकारची थंड छत योजना आहे म्हणे. हा रंग दिला की ऊन आत शिरत नाही, पंखा कमी लागतो, विजेचं बिल उतरतं. धनाजी ज्या ठेकेदाराकडं कामाला आहे त्याला आमच्या वस्तीचं काम मिळालंय. बेचाळीस घरं. माझं पहिलं, नमुना म्हणून. आणि वस्तीची 'सखी' म्हणून माझं नाव लावलंय — घरोघरी फॉर्म भरायचे, काम झालं की सही करायची.

सासूबाई जन्मात कुणाला चांगलं म्हणत नाहीत. आज म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." हे मेंढरं घेऊन नदीकाठाला गेलेत. असते तर त्यांनाही मिरवून दाखवलं असतं.

११ नोव्हेंबर

फॉर्म भरतेय. समीक्षा कॉलेजातून आली की मदतीला बसते. पोरीचं अक्षर माझ्यापेक्षा बरं.

एका ओळीपाशी अडले. छताखाली दुसरं कोणतंही आच्छादन नसावं. आता आमच्या वस्तीत लोकरीला गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हापासून सगळेच ती पोत्यात भरून पत्र्याखाली बांधतात. उन्हाळ्यात तेवढाच जीवाला गारवा. माझ्याकडंही होती, रंग दिल्यावर काढली. धनाजीला फोन केला. "काढून टाका म्हणावं. फोटुत दिसली तर नाव कटंल."

१४ नोव्हेंबर

बिराप्पा अज्जा ऐकेनात! ऐंशीच्या पुढचा माणूस, त्यात दमा. पोत्यांकडं बोट करून म्हणाले, "माझ्या हातानं कातरल्याली लोकर हाय पोरी. आदी रंग येऊ दे. मग काडतो."

मला राग आला. एक अज्जा अडले की मागची चार घरं अडतात. म्हटलं, "अज्जा, माझा सख्खा भाऊ हाय तो. माझा शब्द हाय."

अज्जा पोत्यांखालून बाजूला झाले. मग म्हणाले, "तुझा शब्द व्हय? मग काड."

मीच विळ्यानं दोऱ्या कापल्या.

१७ नोव्हेंबर

सगळ्यांची लोकर ओढ्यात नेऊन जाळली. कसर लागलेली, ठेवणार कुठं? केस जळल्यासारखा वास. अजून जात नाही.

२ डिसेंबर

धनाजी सह्या घेऊन गेला. बेचाळीस फॉर्म. प्रत्येकावर छापलंय — 'काम समाधानकारक झाले.' म्हटलं, अरे झालं कुठं? "हुनारच हाय की ताई, संक्रांतीच्या आत. एका सहीसाठी इस्लामपूरहून परत परत येऊ व्हय?" केल्या. भावाला काय पावती मागायची!

१६ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. रंग नाही.

१३ मार्च, होळी

पत्रे तापले. दुपारी घरात हात लावावा तो चटका. धनाजी म्हणतो माल अडकलाय. मागच्या महिन्यात म्हणाला माणसं नाहीत. त्याच्या आधी काय म्हणाला ते आता आठवतही नाही.

नळावर बनुबाई मला ऐकू जाईल अशी बोलली, "तिचं काय बाई, तिचं छत पांडरं हाय." मी घागर अर्धीच भरून आले.

३० मार्च, पाडवा

समीक्षानं योजनेची यादी मोबाईलवर उघडली. "आई, आपलं काम संपलंय की." बेचाळीसच्या बेचाळीस नावांपुढं — काम पूर्ण. प्रत्येकाचा फोटो. पांढरं छत!

मी फोटो मोठा करायला सांगितला. कोपऱ्यात फुटका पाटा. पत्रा उडू नये म्हणून सासूबाईंनी ठेवलेला आमचा पाटा, धनाजीनं न उचलता त्याच्याभोवतीच रंग मारला होता. दुसरा फोटो — पाटा. तिसरा, विसावा, चाळिसावा! कधी डावीकडून काढलाय, कधी उजवीकडून. 'बिराप्पा' लिहिलंय आणि खाली माझा पाटा!

तेव्हा कळलं. त्याला बहिणीला ओवाळणी घालायची नव्हती. फोटोपुरतं एक छत पाहिजे होतं. केसानं गळा कापला माझा, आणि मी त्याला औक्षण केलं!

गुढी उतरवायचं भान राहिलं नाही. सासूबाईंनी उतरवली.

४ एप्रिल

वस्तीला सगळं सांगितलं. लपवून कुठं जाऊ? बनुबाई तोंडावर म्हणाली, "तू गार झोपतीस आन् आमी भाजतोय. लोकर तूच जाळायला लावलीस." खरंच आहे.

अज्जांना म्हटलं, दुपारचे माझ्या घरी येऊन पडत जा. मान हलवली. "त्या छताखाली न्हाई यायचो मी."

ते एकच वाक्य. दिवसभर कानात.

११ एप्रिल

अज्जा भर दुपारी घरात कोसळले. जीपमध्ये घालून सांगलीला नेलं. नळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, पत्र्याच्या घरात ठेवू नका. मग कुठं ठेवायचं, ते नाही सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले. अज्जांची सून दोनदा पुढून गेली. दोन्ही वेळा तिनं मान फिरवली.

अज्जांना काही झालं तर मी या वस्तीत तोंड कुठं दाखवू?

१४ एप्रिल

तक्रारीचा अर्ज लिहिला. धनाजीचं नाव लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. माझ्या आंधळ्या सह्यांचंही लिहिलं. घरोघरी अंगठे घेतले. शिव्या खाल्ल्या, पण दिले सगळ्यांनी. एक्केचाळीस. अज्जांचा तेवढा राहिला.

१६ एप्रिल

अर्ज द्यायला तालुक्याला निघायच्या तयारीत होते, तर दारात धनाजी. कुणीतरी अर्जाचं सांगितलं असणार. पायावर पडला. रडला! "ठेकेदारानं फसवलं गं ताई. माझी लेकरं रस्त्यावर येतील. आट दिवस दे. रंग घिऊनच येतो. पयलं अज्जाचं छत करतो. यमाईची आण."

यमाईची आण आमच्या घरात कधी कुणी खोटी घेतली नाही. रडताना तोंड अगदी आईसारखं दिसतं त्याचं. विरघळले मी.

जेवायला बसवलं. भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. जाताना म्हणाला, "अर्जाचा फोटु काडून घेतो. ठेकेदाराला दाखवून दम भरतो." काढू दिला.

२१ एप्रिल

अज्जा घरी आले. लिंबाखाली खाट टाकलीय. त्यांना धनाजीच्या आठ दिवसांचं सांगितलं. श्वास लागत होता तरी बोलले, "तू अजून वाट बगतीस व्हय?"

२३ एप्रिल

धनाजीचा फोन बंद. संध्याकाळी अज्जांकडं गेले. त्यांनी अंगठा पुढं केला. बेचाळीस झाले.

२४ एप्रिल

तालुक्याला अर्ज दिला. साहेबांनी माझं नाव वाचलं, मग दुसरी फाईल काढली. "बाई, तुमच्याविरुद्धच अर्ज आलाय. खोट्या सह्या करून वस्तीचा रंग हडपला म्हणून." सोबत बेचाळीस फॉर्म, सगळ्यांवर माझी सही. पुरावा म्हणून एक फोटो — सगळ्या वस्तीत एकच छत पांढरं.

अर्जदार धनाजी. शिक्का सोळा एप्रिलचा, दुपारी चारचा.

दोन वाजता तो माझ्या घरी जेवत होता. नको म्हणत होता, तरी दुसरी भाकरी मीच वाढली.