झुबेदा सांगते म्हणून

७८६
नाशिक, ५ मार्च २०२५

ती. कुलसुमआपा यांस,
ताहेराचा सलाम. वि. वि. फोन घरात कुणाच्याही हाती पडतो, म्हणून लिहिते आहे.

तुमचे भाऊ गोळी रोज घेतात. खूश झालात ना? मी मात्र जळते आहे. एचआयव्ही कळल्यापासून मी रडले, पाया पडले, तरी हे गोळी चुकवायचे. अल्लाहने शिक्षा दिलीय, ती भोगू द्या म्हणायचे. मग दवाखान्यातल्या रुग्णांच्या गटात ह्यांना झुबेदा भेटली. तिलाही तोच आजार. ती म्हणाली, शरीर अल्लाहची अमानत आहे, गोळी ही त्या अमानतीची राखण. झालं! आता रोजा सोडून मगरिबची नमाज पढले की बिस्मिल्लाह म्हणून गोळी. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं.

दोघांचं दुखणं एक, म्हणून बोलणं एक. माझी तपासणी निगेटिव्ह, तर मीच परकी! काल तिने इफ्तारीचं ताट पाठवलं. मी ते रिकामं परत धाडलं. यापुढे ह्यांना गटात जाऊच देणार नाही.

राग समजून घ्यावा, लोभ कमी करू नये.
तुमची भावजय
ताहेरा

मनमाड, ११ मार्च

चि. ताहेरास कुलसुमआपाची दुआ.
रमजानात ताट रिकामं परत? आपल्यात वैरिणीलाही चार भजी घालून देतात गं! सवतीमत्सर करायला आधी सवत तरी हवी. आणि तुझी तपासणी निगेटिव्ह येते, त्यात याकूबच्या गोळीचाही हात आहे, वेडे. त्याला गटात जाऊ दे. माझा एकच भाऊ आहे.

उत्तर लिही, रुसून बसू नकोस.
आपा

नाशिक, १९ मार्च

ती. आपा यांस सलाम. वि. वि.
तुमचा राग आला होता. तरी झुबेदाकडे गेले, खरं तर भांडायलाच. गच्चीवर ती ईदच्या शेवया वाळत घालत होती. नवरा गेल्यापासून ती दिराकडे राहते. आजाराचं तिथे कुणालाच ठाऊक नाही. रोजा सोडल्यावर, नमाजआधी वजूला हात-तोंड धुताना, नळाच्या पाण्याबरोबर चोरून गोळी गिळते.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ताहेरा, तुझा मला फार हेवा वाटतो. तुझ्या माणसाला गोळी घेताना पाण्याचा पेला द्यायला तू आहेस.

आपा, ती माझ्यावर जळते आणि तरी माझ्या माणसाला जगवते. मला हे जमलं नसतं. गुरुवारी ह्यांना मीच गटात घेऊन जाणार आहे. पण खरं सांगते, आता तर मला तिचा जास्तच हेवा वाटतो.

मुलांना पापा. आहे तशी मला सांभाळून घ्या.
ताहेरा