बहात्तर तास, सुट्ट्या सोडून

रविवार, ६ फेब्रुवारी

चि. लायलला अर्डिसताईचे तोंडभर आशीर्वाद.

एकाच पत्रात दोन बातम्या दिल्यास. अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग बांधून तू नोरीनला मागणी घालणार, ही पहिली. दुसरी अशी की, गर्भपातासाठी आलेल्या बाईला आता चोवीसऐवजी बहात्तर तास थांबवायचं, त्यात शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरायच्या नाहीत, शिवाय मधल्या वेळात गर्भपाताच्या विरोधातल्या माणसाचा उपदेश ऐकायला लावायचा, असं विधेयक सभागृहात आलंय आणि आमचे आमदारसाहेब, म्हणजे तू, त्याला हात वर करणार.

पहिल्या बातमीवर मी मनापासून हसले. दुसरीवर हसवेना. गर्भपाताचे धोके, पर्याय, सोनोग्राफीचं चित्र दाखवल्याची सही, असा तो सरकारी संमतीचा कागद सतरा वर्षं दवाखान्यात बायकांना मीच वाचून दाखवला आहे.

तू म्हणतोस, विचाराला जरा वेळ दिला तर कुणाचं काय बिघडतं? अरे, तुला ट्रॅक्टर घ्यायला दोन वर्षं लागली, हा तुझा स्वभाव झाला. त्याचा कायदा कशाला?

नोरीन सोन्यासारखी बाई आहे. बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय, आरशातून एकदा बघितलं की मागची पोरं चिडीचूप. तुझं कसं होणार कुणास ठाऊक. तिला आज फोन करते आहे. घाबरू नकोस, तुझी स्तुतीच करीन.

तुझ्यावर माया आहेच, मत कसंही दिलंस तरी.
अर्डिसताई

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

ती. अर्डिसताईस लायलचा नमस्कार, नाइलाजाने साष्टांग.

स्तुती पोचली. काल सभागृहाची बैठक नव्हती. तीन तास बर्फातून गाडी हाकत घरी आलो, दाढी केली, नवा शर्ट घातला आणि बरोबर चार वाजता नोरीनच्या स्वयंपाकघरात मागणी घातली. तिने कॉफी ओतली, चष्मा लावला आणि ड्रॉवरमधून तीन पानी कागद काढला. अक्षर तिचं, भाषा तुझी.

तिने सगळा वाचला. मधे बोलू दिलं नाही. विवाहाचे धोके: घोरणं, ओले टॉवेल, दुसऱ्याची नातवंडं. पर्याय: एकटं राहणं, कुत्रा पाळणं. मग माझाच सकाळचा, न विंचरलेल्या केसांचा फोटो समोर धरला आणि नीट बघ म्हणाली. हा फोटो कुणी दिला ते मी विचारत नाही. बघितल्याची सही घेतली.

उत्तर बहात्तर तासांनी. शनिवार-रविवार धरायचा नाही. सोमवारी राष्ट्राध्यक्ष दिनाची सुट्टी, तीही नाही. ताई, मी बोटांवर मोजलं. गुरुवारी विचारलेल्याचं उत्तर बुधवारी चार वाजता! तीन दिवसांचे सहा झाले. या विधेयकावर आम्ही दोन आठवडे बोलतोय, पण हे मोजलं कुणीच नव्हतं.

वर लग्नाच्या विरोधातल्या माणसाचा उपदेश घेऊन यायचा. म्हणून आज व्हर्जिलकडे गेलो. तीनदा घटस्फोट झालेला माणूस तो, त्याला आयतंच कोलीत मिळालं. दीड तास एकेका बायकोचा उद्धार चालला होता. वर मला भोळा म्हणाला. मी काय दूधखुळा आहे?

बुधवारी अकराला विधेयकावर मतदान आहे. मी मत बदललं तर तिचं उत्तर बदलेल का, असं मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, तुझं मत तुझं, माझं उत्तर माझं, सौदा नाही. ती नाही म्हणाली तर काय करायचं, हे मला सुचत नाही. जेवण जात नाही.

चिडलो आहे, तरी लोभ सोडू नये.
लायल

शनिवार, १९ फेब्रुवारी

चि. लायल, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आजच आलं. व्हर्जिलचं वाचून खुर्चीतून पडता पडता वाचले. फोटो मीच दिला.

आता एक ऐक. एकदा टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आली होती. दोनशे मैल गाडी चालवून आलेली, मागच्या सीटवर दोन पोरं झोपलेली. मी कागद वाचायला लागले. त्यातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत हे मला नर्स म्हणून ठाऊक होतं, तरी वाचाव्या लागत. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाई, विचार मी घरीच करून आले. आता फक्त रजा मिळत नाही." दुसऱ्या फेरीसाठी तिने कामावर खाडा केला आणि नोकरी गेली. तेव्हा तर चोवीसच तास होते. तुम्ही तिकडे उंटावरून शेळ्या हाकता. मला मात्र तिच्या डोळ्यांकडे बघून वाचावं लागलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तू भोळा नाहीस. मग त्या बाईला तरी भोळी का समजावं?

जेवून घे.
अर्डिसताई

गुरुवार, २४ फेब्रुवारी

ती. अर्डिसताईस साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. काल मी विधेयकाच्या विरोधात मत दिलं. ते तरीही मंजूर झालं, भरघोस मतांनी. माझ्या बाकावरची मंडळी जेवायला उठली तेव्हा मला कुणी हाक मारली नाही. पुढच्या निवडणुकीत मला उमेदवारी मिळणार नाही, हे लिहून ठेव. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या बाईसारख्यांना आता मधे सुट्टी आली की सहा-सहा दिवस थांबावं लागणार, याचं जास्त वाटलं.

निघालो तो चार वाजता नोरीनच्या दारात. मत कसं दिलं हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ताई, या सहा दिवसांत माझा विचार तसूभरही बदलला नव्हता. मला नुसतं लहान पोरासारखं बसवून ठेवलं होतं, दुसरं काही नाही. हे मी तिला बोलून दाखवलं. तिने माझा कोट काढून खुंटीला लावला.

"हो म्हणायचं मी गुरुवारीच ठरवलं होतं," ती म्हणाली. "ते सहा दिवस तुझ्यासाठी होते."
आपला,
लायल