बोट वर केलं तो दिवस

सिन्नर, १२ जानेवारी

चि. रोहित यास अण्णांचे अनेक आशीर्वाद. सायली आणि वेदिका मजेत असतील. इकडे आम्ही दोघं ठीक.

हा ऑस्ट्रेलिया दौरा आम्हाला केवढ्याला पडला ते आधी सांगतो. बावीस दिवसांची झोप, चाळीसेक कप गार झालेला चहा आणि तुझ्या आईचं एक वाक्य. वाक्य सगळ्यात महाग पडलं.

मालिका गेली. तरी संघ मागच्यापेक्षा पुढे सरकलाय, असं माझं मत. सलामीची पोरं ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकली. शेपूटही तासभर उभं राहतं. दमले ते गोलंदाज. दोघांवर सगळा भार, म्हणजे दोन लेथवर तीन पाळ्या. आता पेपरवाले म्हणतात, अमक्याला काढा. मी म्हटलं, एका दौऱ्यावर माणूस मोजू नये, आणखी दोन दौरे द्या.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या पोराला तुम्ही एक चेंडू दिला होता."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझे कान तुला माहीत आहेत. सोळाव्या वर्षी कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो ते याच कानांवर स्वतःची शेड उभी केली. बेअरिंग खराब झालं की मला दारातून कळतं. बॅटची कड लागली की नाही यात मी कधी चुकलो नाही, हे सगळ्या एमआयडीसीला ऐकवत आलो.

तिसऱ्या कसोटीत आपल्या एकाला झेलबाद दिलं. मीही इथून "गेला" म्हणालो. त्याने दाद मागितली. सावकाश दाखवलं, तर बॅट पॅडला घासलेली, चेंडू वीतभर लांब. सहा वर्षांपूर्वी जिल्हा निवडीच्या सामन्यात तू मला हेच सांगत होतास. पंच आला नव्हता म्हणून मला उभं केलेलं. तू अकरा धावांवर होतास. "अण्णा, पॅडला लागली," एवढंच म्हणालास आणि चालू लागलास.

आवाज मी ऐकला होता, हे खरं. पण शंकाही आली होती, हे आजवर कुणाला बोललो नाही. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर हात खालीच राहिला असता. बापाने वाचवलं म्हणतील, या भीतीने बोट वर गेलं. आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर मीच छाती काढून सांगितलं, "स्वतःच्या पोरालाही सोडलं नाही." तू मागच्या बाकावर होतास. ते मला दिसलं होतं.

यादीत तुझं नाव आलं नाही. नंतर तू बॅट माळ्यावर टाकलीस, नोकरी धरलीस, इंदिरानगरला गेलास. बसने तासाभराचा रस्ता, पण माझी नात वेदिका मी अजून फोटोतच पाहिलीये.

येत्या रविवारी त्याच मैदानावर निवड आहे. पंच म्हणून मला बोलावलं होतं, मी नकार कळवला. दिवसभर घरीच आहे. यायलाच हवंस असं म्हणायचा हक्क मला नाही. दार मात्र उघडं ठेवतो.

तुला चुकीचं बाद देणारा,
अण्णा

ता. क. त्या निर्णयानंतर उरलेले सगळे दिवस मी टीव्हीसमोर डोळे मिटून बसलो. झेलाचं अपील झालं की आधी मी सांगायचं, मग आईने पडद्यावर बघून कॅलेंडरवर रेघ मारायची. एकवीस अपिलं झाली. तेरा वेळा चुकलो.